मदत हवी आहे: जुन्या डेस्कटॉपला एसएसडी बसवायचीय, पण विंडोज नव्याने टाकता येणार नाही

जॅकार्ड४१३

मंडळी, जुन्या मशीनला एसएसडी (फिरत्या हार्ड डिस्कऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क) बसवायचीय, हार्डवेअरमधल्या जाणकारांचा सल्ला हवाय. प्रश्न जरा लांबलचक आहे, कारण 'नवीन घेऊन टाका की' हे उत्तर मला बाजारात सगळ्यांनी देऊन झालंय.

मशीन असं: इंटेलचा एच६१ चिपसेटचा बोर्ड, कोअर आय३-२१००, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क. विंडोज ७, तेही ३२ बिट. एम.२ चा (पट्टीसारखी नवी एसएसडी बसवायचा) स्लॉट नाही. मागे पॅरलल पोर्ट (जुने प्रिंटर लावायची रुंद खाच) आहे आणि घोडं तिथंच पेंड खातंय.

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं चादरी-टॉवेलचं काम आहे. या कॉम्प्युटरवर जॅकार्डची (कापडात विणून येणाऱ्या नक्षीची) डिझाइनं होतात. सॉफ्टवेअर जुनं, त्याचं लॉक (जे खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) पॅरलल पोर्टात खोचलेलं. ज्यांनी ते दिलं त्यांनी गाशा गुंडाळून जमाना झाला, आणि इन्स्टॉलेशनची सीडी कुठल्याच ड्राइव्हमध्ये वाचली जात नाही. म्हणजे फॉरमॅट केलं की सॉफ्टवेअर गेलं. अण्णांनी उभ्या आयुष्यात जमवलेले मोर, हत्ती, काठाच्या वेली, सगळं डिस्कवर पडून राहील आणि उघडायला काही नसेल.

त्रास सांगतो. चालू केल्यावर डेस्कटॉप दिसेपर्यंत चहा पिऊन होतो. डिझाइन उघडलं की डिस्कचा लाल दिवा विझायचं नाव घेत नाही. हल्ली अधूनमधून आतून 'कट्, कट्' येतं आणि तेवढा वेळ माउस जागेवर थिजतो. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळं होऊन 'कॉशन' म्हणतंय, सी५ च्या ओळीत शून्य नाही. कॅबिनेट उघडलं तर पंख्याच्या जाळीवर सुताची रुई नमद्यासारखी जमलेली. नखानं एक कड उचलली तर अख्खी गोल चकती सोलून हातात आली. ते साफ केलं, आवाज तसाच.

एका दुकानात म्हणाले, कार्ड लावून एनव्हीएमई (जास्त वेगाची एसएसडी) बसवू, रॉकेट होईल. दुसरीकडे म्हणाले, एवढ्या जुन्या बोर्डावर एसएसडी म्हणजे पैसे पाण्यात. खरं काय? आणि आहे ते सगळं जसंच्या तसं एसएसडीवर उचलून नेलं तर लॉकवालं सॉफ्टवेअर चालेल का? रॅमही वाढवायची का?

बोर्डवाला

आधी एनव्हीएमईचा विषय संपवू. एच६१ च्या बहुतेक बोर्डांचं बायॉस (मशीन चालू होताना बोर्डावर पहिलं चालणारं सॉफ्टवेअर) एनव्हीएमईवरून बूटच करत नाही. बायॉसमध्ये फेरफार करून जमवणारे आहेत, पण ज्या मशीनवर पोट चालतं तिथं हे उद्योग नकोत. साधी अडीच इंची साटा (हार्ड डिस्कच्याच केबलवर लागणारी) एसएसडी घ्या.

एच६१ ला साटाचा वेग ३ गिगाबिटच मिळतो, ६ गिगाबिटचा पोर्ट त्या चिपसेटमध्ये नाहीच. म्हणून खोक्यावर ५५० एमबी लिहिलेलं असलं तरी तुम्हाला पावणेतीनशेच्या आत मिळेल. दुकानदार 'पैसे पाण्यात' म्हणाला तो बहुधा याच आकड्यामुळे. पण तुमचा त्रास त्या आकड्याचा नाहीच. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. हवा तो सेक्टर डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त, आणि डोकं त्या ट्रॅकवर न्यायला आणखी ८-९. एकेक बारीक तुकडा वाचायला १२-१३ मिलिसेकंद धरले तर सेकंदाला ७५-८० तुकडे झाले. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे डिस्कभर विखुरलेले असतात. एसएसडीला फिरायचंच नसतं, ती जुन्या साटावरही सेकंदाला हजारोंनी तुकडे देते. फरक तिथं दिसतो.

रॅमचे पैसे वाचवा. ३२ बिट विंडोजला ४ जीबीच्या पुढचं दिसत नाही, त्यातलीही थोडी हार्डवेअरच खातं.

पुणेरी_बिट

एवढी उठाठेव करण्यापेक्षा सेकंडहँड आय५ आठव्या पिढीचा घ्या, विंडोज ११ टाका, मोकळे व्हा. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलाय.

जॅकार्ड४१३

अहो, त्यात ते लॉक कुठं खोचू? पॅरलल पोर्ट आणि ३२ बिट ड्रायव्हर, दोन्ही लागतात. आणि या मशीनला नेट नाहीच, जीएसटी-बिलिंग सगळं वेगळ्या लॅपटॉपवर आहे. @बोर्डवाला, आभारी आहे, एवढं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

खटपट्या

वेग राहू द्या बाजूला, हे वाचल्यावर पहिलं काम: मशीन बंद करा आणि बंदच ठेवा. सी५ म्हणजे 'करंट पेंडिंग सेक्टर', डिस्कला जे सेक्टर वाचता येईनात ते तिनं तिथं नोंदवून ठेवलेत. त्यात कट्-कट् आवाज. ही डिस्क सुधारणार नाही. चेकडिस्क (विंडोजची डिस्क-दुरुस्ती) चालवू नका, डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) तर मुळीच नाही. तिला एकदा शेवटचं वाचायचं, तेवढंच काम तिच्याकडून घ्या.

नेहमीचं क्लोनिंग (डिस्कची हुबेहूब नक्कल करणारं) सॉफ्टवेअर खराब सेक्टर लागला की अडतं किंवा त्याच जागी डोकं आपटत बसतं. सिस्टिमरेस्क्यू नावाचं फुकट लिनक्स पेनड्राइव्हवर टाका, त्यात डीडीरेस्क्यू आहे. ते आधी चांगला भाग पटपट उचलतं, अवघड जागा मागं ठेवतं आणि काय वाचलं काय राहिलं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये करतं. मध्येच थांबवलं तरी तिथून पुढं चालू होतं. सोलापुरात लाइटचा भरवसा तुम्हालाच ठाऊक, यूपीएसशिवाय हात लावू नका.

आधी पूर्ण डिस्कची इमेज (एका मोठ्या फाइलमध्ये हुबेहूब प्रत) १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर घ्या, मग त्या इमेजवरून एसएसडीवर. एसएसडीवर काही बिघडलं तर आजारी डिस्ककडं परत जावं लागत नाही. बाहेरची डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली असू द्या, फॅट३२ वर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही. आणखी एक: एच६१ च्या चिपसेटमध्ये यूएसबी ३ नाही. यूएसबी २ वरून सेकंदाला ३०-३५ एमबी, म्हणजे ५०० जीबीला चार-पाच तास, डिस्क अडखळली तर वर किती ते तिच्या मर्जीवर. घरात नवं मशीन असेल तर हार्ड डिस्क तात्पुरती त्याला लावा.

आणि हो, कुठून कुठं कॉपी करतोय ते डिस्कच्या मॉडेल नंबरवरून ताडून बघा. किती जीबी यावर जाऊ नका, तुमच्या दोन्ही डिस्क सारख्याच जीबीच्या असणार आहेत. दिशा उलटली की संपलं.

शेंगाचटणी

सोलापूरकर आहे म्हणून राहवत नाही. ४८० जीबीची घेऊ नका हं, ५०० चीच घ्या. दुकानात 'सारखंच आहे' म्हणतील. विंडोजमध्ये ५०० ची डिस्क ४६५ जीबी दिसते, ४८० ची ४४७. जुनी डिस्क जशीच्या तशी उतरवायची तर शेवटचे १८ जीबी मावणार कुठं? मग पार्टिशन लहान करत बसा, तेही आजारी डिस्कवर!

कंपनी कुठली हे विचाराल म्हणून: सॅमसंग ८७० इव्होमध्ये डीरॅम (एसएसडीची स्वतःची वेगवान मेमरी) आहे, ५ वर्षांची वॉरंटी, ५०० जीबीला ३०० टीबी लिहिण्याची हमी. क्रुशियल बीएक्स५०० स्वस्त, पण त्यात डीरॅम नाही आणि वॉरंटी ३ वर्षं. डिझाइनच्या कामात रोज १० जीबी लिहिलं असं धरलं तरी ३०० टीबी संपायला ८० वर्षं लागतील, तेव्हा तुमच्यासाठी दोन्ही चालतील. मी पहिली घेईन. ऑनलाइन कुठं हजार रुपयांत २ टीबी दिसली तर मात्र तिकडं ढुंकूनही बघू नका.

बोर्डवाला

लॉकबद्दल राहिलं. लॉक पॅरलल पोर्टावर आहे म्हणजे परवाना त्या लॉकमध्ये, डिस्कशी बहुतेक त्याचं देणंघेणं नाही. काही जुनी सॉफ्टवेअर मात्र पार्टिशनचा व्हॉल्यूम सीरियल (फॉरमॅट करताना मिळालेला क्रमांक) तपासतात. तो क्लोनबरोबर जसाच्या तसा येतो. डिस्कच्या आत कंपनीनं घातलेला हार्डवेअर सीरियल मात्र येत नाही, तो तपासणारं निघालं तर अडचण. बसवून बघितल्याशिवाय कळणार नाही.

अजून एक, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल बदला. एवढ्या जुन्या मशीनला सकाळी चुकीची तारीख दाखवायची सवय लागलेलीच असते. पण सेल काढण्याआधी बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. सेल काढला की सगळी सेटिंग मूळपदावर जातात, आणि साटा मोड (बोर्डाची डिस्कशी बोलण्याची पद्धत) जुन्या आयडीईवरून नव्या एएचसीआयवर किंवा उलट गेला तर विंडोज ७ निळी स्क्रीन दाखवून मोकळं होतं.

जॅकार्ड४१३

तारखेचं अगदी बरोबर. रोज सकाळी २०१२ सालात असतो आम्ही. अण्णा म्हणतात तेव्हा धंदा बरा होता, राहू दे.

५०० चीच मागवली. काम झालं की कळवतो.

जॅकार्ड४१३

अपडेट. पाहुण्यांच्या नव्या मशीनला डिस्क लावून डीडीरेस्क्यू चालवलं. बहुतेक सगळं सरळ आलं, शेवटी दोन जागी अडखळलं, तिथला थोडासा भाग वाचला गेला नाही. इमेज झाली, ती एसएसडीवर उतरवली. चेकडिस्क नव्या एसएसडीवर चालवलं, डिझाइनचं फोल्डर शाबूत आहे. अडीच इंचीचा ब्रॅकेट मिळाला नाही म्हणून सध्या दोन स्क्रूवर एका बाजूनं टांगलीय. हलणारं आत काही नाही म्हटल्यावर चालेल असं धरतो.

विंडोज सुरू! चहा ओतेपर्यंत डेस्कटॉप हजर. पण सॉफ्टवेअर म्हणतंय, 'लॉक सापडलं नाही'. हार्डवेअर सीरियलवालीच भानगड झाली का? अण्णांचं तोंड बघवत नाही.

बोर्डवाला

घाबरू नका. सेल बदललात ना? लॉक 'चुकीचं' म्हणालं असतं तर सीरियलचा संशय घेतला असता, इथं ते सापडतच नाहीय. बायॉसमध्ये पॅरलल पोर्टाचा मोड बघा. एसपीपी, ईपीपी, ईसीपी असे पर्याय असतात. सेल काढल्यावर तो बदलला असणार. तुमच्या जुन्या फोटोत काय आहे?

जॅकार्ड४१३

फोटोत ईपीपी, आता ईसीपी होता. बदलला, लॉक सापडलं, पहिलाच हत्ती उघडला! साहेब, सोलापूरला आलात की हुरड्याचं आमच्याकडं.

साटा मोड फोटोत आयडीई होता, तो तसाच ठेवलाय. एएचसीआय करू का? आणि जुनी डिस्क फाइली ठेवायला आतच लावून ठेवू का?

बोर्डवाला

करायचं तर आयडीईमध्येच विंडोज चालू करून रजिस्ट्री एडिटर उघडा. सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, त्यात एमएसएएचसीआय. तिथं 'स्टार्ट' ची किंमत ३ असेल, ती ० करा. मग रीस्टार्ट, बायॉसमध्ये एएचसीआय. एकदम बऱ्याच मागण्या आल्या की एनसीक्यूमुळे (मागण्या सोयीच्या क्रमानं उरकण्याच्या सोयीमुळे) फायदा होतो. पण तुमच्या कामाला जाणवेलच असं नाही, चालतंय ते चालू द्या असं माझं मत.

एक मात्र बघा. क्लोन करून आणलेल्या विंडोज ७ ला आपण एसएसडीवर आलोय हे आपोआप उमगतंच असं नाही. डीफ्रॅगचं वेळापत्रक चालू असेल तर बंद करा.

खटपट्या

जुनी डिस्क आत लावू नका. ती मरायला टेकलीय हे एक, आणि क्लोनमुळे दोन्हींची डिस्क सिग्नेचर (विंडोज डिस्क ओळखतं तो क्रमांक) एकच आहे. विंडोज त्यातली एक ऑफलाइन करून टाकतं. बायॉसनं जुनीवरून बूट केलं तर ऑफलाइन होणारी तुमची एसएसडी असेल आणि तुम्ही दिवसभर मरत्या डिस्कवर काम कराल. काढा, वर तारखेची चिठ्ठी चिकटवा, बाजूला ठेवा.

डिझाइनांची दुसरी प्रत साध्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, एसएसडीवर घेऊन कपाटात टाकू नका. घरगुती एसएसडीसाठी जेडेकचं (चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं) प्रमाण असं की लिहिण्याची मर्यादा संपेपर्यंत वापरलेल्या एसएसडीनं विजेशिवाय ३० अंशांत एक वर्ष माहिती धरून ठेवावी. तापमान वाढलं की ही मुदत घटते, आणि तुमच्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर असतो. १ टीबीवरची इमेजही पुसू नका. सहा-आठ महिन्यांनी ती डिस्क लावून दोन-चार डिझाइनं उघडून बघत जा.