विमान पंख फडफडवत नाही, म्हणून यंत्राला कान नको?

कानफाट्या: काल डेटावाला यांनी ठोकून दिलं: "विमान पंख फडफडवत नाही, मग बोलणं ओळखणाऱ्या यंत्राने कानाची नक्कल का करावी? डेटा ओता, शिकेल." अहो, बोलणं मजकुरात उतरवणाऱ्या ज्या व्हिस्पर मॉडेलची आरती ओवाळता, त्याच्या बहुतेक आवृत्त्यांत आवाज शिरतो तोच मेल स्केलच्या ८० पट्ट्यांतून. ती स्केल म्हणजे कानाला सूर किती उंच वाटतो त्याची मोजपट्टी, १९३७ साली माणसांना सूर ऐकवून काढलेली. म्हणजे कान दारातच बसलाय! तोही अर्धाच. बेकेशी या शास्त्रज्ञाने मृतांच्या कानात आवाजाची लाट पाहिली, १९६१चं नोबेल मिळवलं. जिवंत कान सूर कितीतरी बारीक निवडतो, कारण आतल्या कानातल्या बाहेरच्या केशपेशी (केसासारख्या टोकांच्या पेशींच्या बाहेरच्या ओळी) हलक्या आवाजाला जोर लावतात, मोठ्याला मोकळा सोडतात. रिचर्ड लायनच्या कानाच्या मॉडेलात हे आहे, तुमच्या पट्ट्यांत नाही.

डेटावाला: ८० पट्ट्या म्हणजे कान, तर माझा तीन बटणांचा मिक्सरही कानच. वेव्हटूवेक २.० हे दुसरं मॉडेल थेट कच्च्या लाटेवर शिकतं, मेल-बिल काही नाही. पीएचडीची चार वर्षं मी कानाची नक्कल करणाऱ्या गॅमाटोन फिल्टरांत घातली. गाईड म्हणाले, गोंगाटात फायदा दिसेल. दिसला थोडा. डेटा वाढवला, तोही विरघळला.

पेठेतली काकू: गोंगाटावरून आठवलं. आईला श्रवणयंत्र घेतलं, तर म्हणते, "ऐकू येतं गं, कळत नाही." कान घालवला आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या डीजेने.

ताशेवाला: आलं डीजेवर खापर!! वय झालं असेल आईंचं!!

पेठेतली काकू: अडुसष्ट. वय काढू नका.

ताशेवाला: बारा वर्षं पथकात ताशा वाजवतोय, ठणठणीत ऐकू येतं!!

पेठेतली काकू: म्हणूनच लिहितानाही ओरडताय.

श्रवणतपासनीस: दादा, ऑडिओग्राम (कोणता सूर किती हळू ऐकू येतो त्याचा आलेख) काढून घ्या. एका कानात बाहेरच्या केशपेशी जेमतेम १२,००० असतात, गेल्या की उगवत नाहीत. खड्डा बहुधा आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास पडतो, म्हणून गप्पांत जाणवत नाही. ताशा डीजेपेक्षा सोवळा नाही.

ताशेवाला: डॉक्टर, ती आपली परंपरा आहे!!

श्रवणतपासनीस: मी डॉक्टर नाही. इअरप्लग घातल्याने परंपरा बुडत नाही.

कानफाट्या: धागा मिरवणुकीत गेला खरा, पण काकूंच्या आईचा प्रश्न माझाच आहे. किती जोर लावायचा हे ठरवणाऱ्या पेशीच गेल्या, यंत्र आवाज चढवतं, पण सुरांची ती बारीक निवड परत आणत नाही. काय गेलंय ते मॉडेलशिवाय कसं कळणार?

डेटावाला: बरं, श्रवणयंत्रापुरतं मान्य. फ्रेम करून लावा. व्हिस्परपाशी मात्र फिरकू नका.

ताशेवाला: ऑडिओग्रामला साधारण किती लागतात?