‘सगळे निवडा’ दाबलं, पण बेरीज शून्यच

बंटी: दादा, मी बनवलेल्या हरभरा बियाणं वाटपाच्या वेबपानावर ‘सगळे निवडा’ दाबलं का टिका लागतात, पण एकूण बॅगा शून्यच दाखवून राहिलं. काऊन?

दादा: स्क्रिप्टनं (पानातल्या कोडनं) टिक लावली का ‘चेंज’ इव्हेंट, म्हणजे टिक बदलल्याची खबर, येत नाही. माणसानं बोट लावलं का येते. बेरजेचं फंक्शन चेंजवर बांधलं असशील. लूप (सगळ्या चौकोनांवरून फिरणारा कोड) संपला का ते एकदा स्वतःच चालव.

ताई (दर्यापूर): कोडमधूनच दाबणारं क्लिक() चालवलं तर?

दादा: इव्हेंट येते, पण लागलेली टिकही निघते न ताई. शिवाय दोनशे ओळी म्हणजे दोनशे बेरजा. लूपमध्ये बॉक्स.चेक्ड = मास्टर.चेक्ड, बस (मास्टर म्हणजे ‘सगळे निवडा’चा वरचा चौकोन). बॉक्स.चेक्ड = !बॉक्स.चेक्ड हे ‘उलट करा’ बटणाले ठेव.

बंटी: मी चेक्डसाठी सेटअ‍ॅट्रिब्यूट लावलं. आधी चालते, मंग बंद.

ताई: अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे एचटीएमएल टॅगमध्ये लिहिलेली खूण; ती फक्त सुरुवातीची स्थिती सांगते. टिकेला एकदा हात लागला का ब्राउझर तिकडे पाहतच नाही. आणि चेक्ड="फॉल्स" लिहिलं तरी टिक लागते, कारण अ‍ॅट्रिब्यूट असणं हेच ‘हो’. लोकलस्टोरेजमधून (ब्राउझरनं साठवलेल्या माहितीतून) येणाऱ्या ‘फॉल्स’चंही तेच, ती स्ट्रिंग (नुसता मजकूर) आहे; === "ट्रू" असं तपासूनच प्रॉपर्टीत (बॉक्स.चेक्डमध्ये) टाक. जेक्वेरी (तयार कोडची लायब्ररी) असेल तर प्रॉप वापर. २०११ च्या १.६ पासून आहे ते, तरी लोक अजून जुनेच नमुने चिकटवतात!

दादा: ज्यायनं बॅगा आधीच उचलल्या त्यायचे चौकोन डिसेबल्ड (दाबता न येणारे) आहेत न? ते लूपमधून वगळ, :नॉट(:डिसेबल्ड). नाहीतर टिक दिसते, बेरजेत येते, पण फॉर्मसंग जातच नाही.

वहिनी: काहीच टिका असल्या तर वरच्या चौकोनाचं काय करायचं?

दादा: मास्टर.इनडिटरमिनेट = ट्रू, आडवी रेघ येते. एचटीएमएलमध्ये लिहून होत नाही, स्क्रिप्टनंच. ते फक्त दिसायचं. फॉर्ममध्ये चेक्डच चालते. सगळे किंवा एकही नाही झालं का फॉल्स करणं राहू देऊ नको.

बंटी: नवीन शेतकरी जोडला तर त्याची ओळ सुटते.

ताई: क्वेरीसिलेक्टरऑलनं गोळा केलेली चौकोनांची यादी घेतली तेव्हाचीच राहते. दाबल्यावर दरवेळी नवी घे. चेंजचा कान (इव्हेंट ऐकणारा कोड) प्रत्येक चौकोनाले नको, टीबॉडीले (टेबलातल्या ओळींच्या भागाले) एकच लाव. इव्हेंट वर चढत येते.

दादा: फायरफॉक्स रिलोडनंतर जुन्या टिका ठेवते. पान उघडल्यावर बेरीज एकदा चालव.

बंटी: बॅगा बरोबर येऊन राहिल्या. टीबॉडीचं आता करतो.