बाळ नीट पीत नाही: दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं का?

जागरणवाली:
बाळ दोन महिन्यांचं. पिता पिता पाठ ताणतं, तोंड सोडून रडतं, एकेक पाजणं पाऊण तास चालतं. वजन वाढतंय, पण वाढीच्या तक्त्यावरची रेघ हळूहळू खाली सरकतेय. आमचे डॉक्टर म्हणतात, "वाढतंय ना, मग कशाला काळजी?" बाळाला पिताना मात्र त्यांनी एकदाही पाहिलेलं नाही. माझ्या मते अशा वेळी दुसरं मत घ्यावंच, त्यात कुणाचा अपमान होत नाही. घरात यावरून दोन तट पडलेत.

कडू काढा:
मी दुसऱ्या तटात. भाचीच्या वेळी पाहिलंय. एकांनी ॲसिडिटीचं औषध दिलं, दुसऱ्यांनी ते थांबवून पावडर बदलली, तिसरे म्हणाले जिभेखालचा पडदा कापा. कुठल्याच उपायाला पुरेसे दिवस मिळाले नाहीत. गुण औषधाने आला की वयाने, देव जाणे! दूध बाहेर टाकणं चौथ्या महिन्याच्या सुमाराला सर्वांत जास्त असतं आणि बहुतेक बाळांचं वर्षभरात आपोआप थांबतं. डॉक्टर बदलत राहिलं की जो शेवटी भेटतो त्याला यश मिळतं, एवढंच.

निशाचर:
वर्षभरात थांबतं ते हसतखेळत दूध टाकणाऱ्या बाळाचं. इथे रेघ खाली येतेय, ते वेगळं प्रकरण. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वजन वाढायला हवं. "वाढतंय" म्हणजे किती, हे विचारलंत का?

कडू काढा:
आणि कुठल्या काट्यावर, तेही विचारा. एकदा घरी लंगोटासकट, एकदा दवाखान्यात उघडं, असं मोजलं तर रेघ खाली जाणारच.

जुनी परिचारिका:
नवजात विभागात नोकरी झाली माझी, म्हणून लिहिते. पाजणं न पाहता दिलेलं मत पहिलं असो की दुसरं, अर्धंच. पिताना टक्-टक् आवाज येतो का? म्हणजे पकड सुटतेय. गिळल्याचा आवाज येतो की नुसतंच चोखणं चालतं? गालांना खळ्या पडतात का? दूध नाकातून येतं का? आणि पिता पिता दमून कपाळावर घाम येत असेल, श्वास जोरात चालत असेल, तर हृदय तपासायला हवं, त्यात दिरंगाई नको. हिरवी उलटी झाली, तर मतं गोळा करत बसायचं नाही, थेट इस्पितळ गाठायचं. एरवी दुसरं मत म्हणजे दुसरे बालरोगतज्ज्ञच असं कुठे आहे? बऱ्याचदा स्तनपान सल्लागार जास्त उपयोगी पडते. ती अख्खं पाजणं समोर बसून पाहते.

निशाचर:
मी तर म्हणेन, दुसऱ्यांकडे कोरी पाटी घेऊन जा. पहिल्यांचं निदान ऐकलं की तेही त्याच वाटेने जातात.

कडू काढा:
हे भलतंच! लपवाछपवी केली की त्याच तपासण्या पुन्हा, तेच रक्त पुन्हा. त्यात एक औषध चालू असताना दुसरं सुरू झालं, तर निस्तरायचं कुणी?

जुनी परिचारिका:
औषधं, रिपोर्ट, वजनाच्या नोंदी सगळं आधीच दाखवायचं, त्यात तडजोड नाही. पहिल्यांना काय वाटलं, ते दुसऱ्यांनी बाळाला पिताना पाहून झाल्यावर सांगितलं तरी चालतं. आणि पहिल्यांना कळवूनच जा. चांगला डॉक्टर स्वतः चिठ्ठी देतो. जो रागावतो, त्याच्या रागानेच तुमचं काम सोपं होतं.

जागरणवाली:
उद्याची वेळ घेतलीय, आमच्याच डॉक्टरांची. बाळ भुकेलं असतानाच नेणार आणि तिथेच पाजणार. घामाचं आज मुद्दाम पाहिलं, येत नाही. उद्याही "वाढतंय ना" एवढंच म्हणाले, तर फाइल मागून घेऊन दुसरीकडे.

कडू काढा:
याला माझी हरकत नाही. तिसरीकडे निघालात तर मात्र आधी इथे कळवा, भांडायला येईन.