जीएस-४ च्या उत्तरात सीमेपलीकडचा माणूस कुठेय?

उलटतपासणी

ओळखीतल्या दोन मुलांचे एथिक्सचे सराव पेपर गेले दोन महिने तपासतोय, फुकटात, मैत्रीखातर. स्वतः दोनदा मेन्स देऊन बाहेर पडलेला माणूस आहे, त्यामुळे मी काही गुरुजी नाही हे आधीच सांगतो.

ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१३ ला यूपीएससी मेन्समधे (मुख्य परीक्षेत) जीएसचे, म्हणजे सामान्य अध्ययनाचे, दोनाचे चार पेपर झाले, त्यातला चौथा एथिक्सचा, २५० मार्कांचा. शेवटी सहा केस स्टडी असतात, एकेक २० मार्कांची. एमपीएससीनेही तोच पॅटर्न घेतला, २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं त्यावरूनच रस्त्यावर बसली होती आणि तो २०२५ वर ढकलला गेला. तर या सिलॅबसमधे आंतरराष्ट्रीय संबंध आणि निधी यातले नैतिक प्रश्न अशी एक ओळ आहे. एकच ओळ. तिच्यावरच्या नोट्स म्हणजे पाऊण पान, आणि सुरुवात कशाने होते ते सांगायला नकोच, वसुधैव कुटुंबकम्.

मी त्या दोघांना घरीच बनवलेली केस दिली. तुम्ही वाणिज्य खात्यात आहात, कांद्याचे भाव चढलेत, निर्यातबंदीची फाईल तुमच्याकडे आलीय, काय कराल? दोघांनीही स्टेकहोल्डर्सचं, म्हणजे निर्णयाचा ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांचं, गोल गोल चित्र काढलं. शहरातला ग्राहक, शेतकरी, व्यापारी, मंत्री, मीडिया, आणि "समाज". कांदा ज्यांच्याकडे जातो तो माणूस एकाच्याही चित्रात नव्हता. आणि २०१९ ची बंदी आली तेव्हा बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन जाहीरपणे म्हणाल्या होत्या की मी स्वैपाक्याला सांगितलंय कांद्याशिवाय कर, आधी कळवलं असतंत तर बरं झालं असतं. हसत हसत म्हणाल्या, पण म्हणाल्या.

माझं म्हणणं एवढंच की ज्याला आपल्याकडे मत नाही, ज्याचा मोर्चा आपल्या ऑफिसवर येणार नाही, अशा माणसाचा विचार करायची सवय आपण या मुलांना लावतच नाही, आणि पुढे हीच मुलं हवामानाच्या, लसींच्या, धान्याच्या वाटाघाटींना जाऊन बसणार. चूक असेल तर सांगा.

दुसरा_अटेम्प्ट

दादा तुम्ही तपासता, आम्ही लिहितो. उपप्रश्न धरून तीन तासात एकोणीस उत्तरं, म्हणजे एकाला साडेनऊ मिनिटं पण नाहीत, त्यात बांगलादेशच्या स्वैपाक्याचा विचार कधी करू? शिवाय तो न केल्याने मार्क गेलेत असं एकतरी उदाहरण दाखवा.

फाईलवाला

बत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालोय म्हणून जरा परखड लिहितो. अधिकारी शपथ भारताच्या संविधानाची घेतो, पगार भारताच्या तिजोरीतून घेतो. ज्या क्षणी तो फाईलवर "जगाचं हित" असं लिहायला लागेल त्या क्षणी तो कोणाचाच राहणार नाही, कारण जगाचं हित म्हणजे नक्की काय हे त्याला विचारणारा, खडसावणारा कोणी नाही. मतदार विचारतो, संसद विचारते, कॅग विचारतं. जग काय विचारणार? इथल्या ग्राहकाला चाळीस रुपयांचा कांदा ऐंशीला घ्यायला लावून शेजाऱ्याशी चांगुलपणा करायचा, आणि तोही ज्याला कोणी निवडून दिलेलं नाही अशा माणसाने? ही नैतिकता नाही, आगाऊपणा आहे. धोरण ठरवणं मंत्र्याचं काम. आपलं काम खरी माहिती समोर ठेवायची आणि तोंडी आदेश आला तर लेखी मागायचा, १९६८ च्या आचरण नियमांत ते आहेच. एवढं जरी पोरांनी केलं ना तरी एथिक्सचा पेपर वसूल झाला.

उलटतपासणी

@फाईलवाला, साहेब, शपथ ज्या संविधानाची त्यातच कलम ५१ आहे, आंतरराष्ट्रीय शांतता, न्याय्य आणि सन्मानाचे संबंध, करारांचा आदर. मार्गदर्शक तत्त्व आहे, कोर्टात मागता येत नाही, मान्य. पण कलम २१ तर मागता येतं ना, आणि त्यात शब्द "व्यक्ती" आहे, "नागरिक" नाही. १९९६ ला चकमा निर्वासितांच्या केसमधे सुप्रीम कोर्टाने अरुणाचल सरकारला हेच सुनावलं, की नागरिक नसले तरी त्यांच्या जिवाचं रक्षण करायला राज्य बांधलेलं आहे. आपण १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, तरी.

ठिगळ

हे सगळं वाचून एकच वाटतं, नैतिकतेचे क्लास आधी तिकडच्यांना लावा. ऑक्टोबर २०२० ला भारत आणि दक्षिण आफ्रिकेने डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) मागितलं काय होतं, तर कोविडची साथ असेपर्यंत लस, औषधं, टेस्ट यांच्यावरचे पेटंट वगैरे हक्क बाजूला ठेवा. उत्तर कधी मिळालं? जून २०२२. तेही फक्त लसींच्या पेटंटपुरतं, औषधं आणि टेस्टचं बघू नंतर. तोवर लोक मरून गेले. ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ मधे कोळशावर "फेज आउट" (पूर्ण बंद) चं "फेज डाउन" (हळूहळू कमी) करून घेतलं म्हणून सगळ्या जगाने आपल्याला व्हिलन केलं, आणि आपलं दरडोई कार्बन उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. म्हणजे वाटाघाटीत जो भाबडा असतो त्याला गिऱ्हाईक बनवतात. आपल्या पोरांना आधी सौदेबाजी शिकवा, मग बघू.

रिकामी_खुर्ची

+१ ठिगळ

तिसरी_घंटा

ठिगळ, तुमचं लसीचं उदाहरण अर्धंच आहे हो. पुढचं अर्धं पण लिहा की. जानेवारी २०२१ पासून आपण लसी बाहेर पाठवायला लागलो, सहा कोटींहून जास्त डोस गेले, आणि मग दुसरी लाट आली आणि निर्यात जवळजवळ बंद झाली ती ऑक्टोबरपर्यंत. तेव्हा इथे ऑक्सिजनला रांगा होत्या, थांबवणं चूक होतं असं मी म्हणूच शकत नाही, माझ्या घरातलं माणूस गेलंय त्यात. पण आफ्रिकेतल्या कितीतरी देशांची मदार पुण्यात बनणाऱ्या त्याच लसीवर होती, आणि तिथले लोक पहिला डोस घेऊन दुसऱ्याची वाट बघत बसले. तिकडची नर्स आपल्याबद्दल तेच म्हणत असेल जे आपण श्रीमंत देशांबद्दल म्हणतो. इथे व्हिलन कोणीच नाहीये आणि तरी नुकसान झालंच. पेपरातल्या केसमधे कायम कोणीतरी लाच देणारा कंत्राटदार असतो त्यामुळे उत्तर सोपं होतं, लाच घेऊ नका. इथे कोणाला काय घेऊ नका म्हणणार?

ठिगळ

हम्म. पॉइंट आहे. पण तरी मी थांबवलीच असती.

तिसरी_घंटा

मीपण. प्रश्न तो नाहीच. थांबवताना त्यांना कधी कळवलं, किती दिवस आधी, किती डोस ठेवले, हे कोणीतरी ठरवलंच असेल ना? तो माणूस तुम्ही असाल तर?

बिनबुडाचा

मला मुळात पेपर घेऊन नैतिकता येते हेच पटत नाही. २०१७ ला एक प्रोबेशनर (प्रशिक्षणार्थी) आयपीएस चेन्नईत मेन्स देताना ब्लूटूथवरून कॉपी करताना सापडला, म्हणजे साहेब आधीचा एथिक्सचा पेपर देऊनच आयपीएस झालेले. २०२४ मधे आयोगाने एका प्रोबेशनरची उमेदवारीच रद्द केली. अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या मसुरीच्या अकादमीचं ब्रीद शीलं परम भूषणम्, भिंतीवर छान दिसतं. आणि उलट बाजूने बघा, चिंतामणराव देशमुखांनी कुठला एथिक्सचा पेपर दिला होता? १९१८ ला लंडनमधे आयसीएसला पहिले आले, १९४४ ला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून ब्रेटन वुड्सला, जिथे नाणेनिधी आणि जागतिक बँक ठरली त्या परिषदेला, गेले. पगार इंग्रज सरकारच्या व्यवस्थेतला, आणि तिथे भारतीय शिष्टमंडळाने विषय काय काढला, तर इंग्लंडकडे युद्धकाळात थकलेले भारताचे स्टर्लिंग, म्हणजे पौंडांतलं येणं. गरीब देशांच्या विकासाचा उल्लेख नाणेनिधीच्या (आयएमएफच्या) उद्देशात यावा म्हणूनही भांडले. दोन्हीत फारसं हाती लागलं नाही, पण बोलले. पुढे १९५६ ला मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं. हे घरातून येतं, वाचनातून येतं, क्लासमधून नाही.

फाईलवाला

देशमुखांचं नाव आलं की कान टवकारतात. पण दुरुस्ती, राजीनामा त्यांनी मंत्री म्हणून दिला, अधिकारी म्हणून नाही. मंत्र्याला निघून जायची मुभा असते. आणि ब्रेटन वुड्सला त्यांनी भारताचीच बाजू मांडली, म्हणजे माझ्याच मुद्द्याला बळ दिलंत.

उलटतपासणी

पूर्ण नाही साहेब. गरीब देशांच्या विकासाचा मुद्दा एकट्या भारताचा नव्हता.

@बिनबुडाचा, पेपरने माणूस सुधारत नाही हे खरंच. पण वर्षानुवर्षं हजारो मुलं ज्या साच्यात विचार करायला शिकतात तो साचा पेपरच बनवतो. एक गंमत सांगतो. चिउने सुगिहारा, १९४० ला लिथुआनियात जपानचा उपवाणिज्यदूत. वरून नियम होता की कागदपत्रं आणि पैसे पुरेसे नसतील तर व्हिसा द्यायचा नाही, याने पळून चाललेल्या हजारो ज्यूंना हाताने लिहून लिहून व्हिसे दिले. १९४७ ला खात्यातून बाहेर. आता हा माणूस माझ्या दोन्ही विद्यार्थ्यांच्या उत्तरात आहे, "करुणा" या शीर्षकाखाली, लाल पेनने अधोरेखित! आणि पुढच्याच केसमधे सीमेवर निर्वासित आलेत म्हटल्यावर दोघांनी लिहिलं, "वरिष्ठांना कळवून नियमानुसार कार्यवाही करीन." एकाच पेपरात, चार पानांच्या अंतराने.

दुसरा_अटेम्प्ट

हाहा, मी पण सेम लिहिलंय. पण खरं सांगू, "आदेश मोडीन" लिहिलं तर बेजबाबदार म्हणून मार्क कापतील अशी भीती असते. सुगिहारा कोटेशनमधे चालतो, उत्तरात चालत नाही.

फाईलवाला

उलटतपासणी, तुमची कांद्याची केस डोक्यातून गेली नाही म्हणून परत आलो. सकाळी फिरायला गेलो तरी तेच. कांद्याचं सोडा, गव्हाचं सांगतो. १३ मे २०२२ ला गव्हाची निर्यात बंद झाली ती अधिसूचना आठवते का? तिच्यात दोन सवलती होत्या. एक, ज्यांच्या अपरिवर्तनीय एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैशाची हमी) आधीच उघडल्यात त्यांचा माल जाऊ द्यायचा. दुसरी, एखाद्या देशाच्या सरकारने अन्नसुरक्षेसाठी मागितला तर परवानगी देता येईल. म्हणजे तुमचा तो सीमेपलीकडचा माणूस अधिसूचनेत होता, दोन ओळींत का होईना. आमच्यातल्याच कोणीतरी त्या लिहिल्या. कुठलंही भाषण न करता. मी जे म्हणत होतो की धोरण मंत्र्याचं, त्याला धक्का न लावता.

उलटतपासणी

साहेब, हेच तर मी मुलांकडून मागतोय! बंदी घाला, पण त्या दोन ओळी सुचायला पाहिजेत. २०२३ च्या डिसेंबरच्या कांदाबंदीतही पुढे सरकारी मार्गाने बांगलादेशला ५० हजार टन सोडला होता.

ठिगळ

आणि त्यावर आमच्याकडचा शेतकरी पेटला तेही लिहा. माझा माल सडतोय आणि कोणाला किती द्यायचा ते दिल्ली ठरवणार. त्याच्या गोल गोल चित्रात कोण असतं ते त्याला विचारा एकदा.

उलटतपासणी

लिहितो. बरोबर आहे तुमचं, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तिसरी_घंटा

@फाईलवाला, गव्हाच्या त्या पहिल्या सवलतीचं पुढे काय झालं माहितीये ना? बंदीनंतर लोकांनी मागच्या तारखा टाकून एलसी आणल्या. महिना संपायच्या आत डीजीएफटीला (परकीय व्यापार महासंचालनालयाला) एकेक एलसी प्रत्यक्ष तपासायचे आदेश काढावे लागले. मग आता मी केस देतो. एलसी मागच्या तारखेची निघालीय, व्यापारी लबाड आहे यात शंका नाही, पण गहू जहाजात भरून झालाय आणि घेणाऱ्या देशात खरोखरच पीठ नाहीये. जहाज सोडायचं की अडवायचं? २० मार्क, २५० शब्द.

फाईलवाला

अडवायचं. खोट्या कागदावर माल सोडला की उद्या दहा जहाजं उभी राहतील.

फाईलवाला

थांबा. वरचं घाईत लिहिलं. दुसऱ्या सवलतीखाली त्या देशाकडून विनंती मागवून तोच गहू सरकारी खात्यातून पाठवता येईल का, व्यापाऱ्यावर केस ठेवून? जहाजाचं रोजचं भाडं कोण भरणार ते बघावं लागेल. उद्या लिहितो.