दुधाचे दात पडणारच आहेत, मग अडीच वर्षांच्या पोराला डेंटिस्टकडे न्यायचं का?

मानेवाड्याची_आई
नमस्कार सगळ्यांना. माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन अख्ख्या गल्लीत फिरला, बोजाऱ्यात (घरोघरी मुलांना मिळतो तो खाऊ-पैसा) पैसे कमी न् चॉकलेटंच जास्त, मग काय दोन दिवस तोंड बंदच नाही. तिसऱ्या दिवशी रात्री बेडवर लोळता लोळता जोरात हसला तेव्हा वरच्या समोरच्या दोन दातांवर, हिरडीला लागून, तपकिरी रेघ दिसली मला. मोबाइलचा टॉर्च लावून ओठ वर केला तर बाजूच्या दोघांवर पण खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ. ब्रशने घासली, नखाने खरवडून पाहिली, निघतच नाही. खालचे दात मात्र एकदम स्वच्छ, त्याचंच नवल वाटून राहिलं.

रात्री दुधाची बाटली तोंडात घेऊनच झोपतो, खोटं कशाला बोलू, त्यात एक चमचा साखर पण असते, त्याशिवाय घेतच नाही. सासूबाई म्हणतात दुधाचे दात आहेत, पडणारच, कायले लेकराला त्या खुर्चीत बसवते. मिस्टर म्हणतात पाच वर्षांचा होऊ दे, आता तोंड तरी उघडेल का तो. दुखत तर काहीच नाही त्याला, जेवतो पण व्यवस्थित. नेऊ का थांबू? आणि न्यायचंच तर आपल्या नेहमीच्या डेंटिस्टकडे की मुलांचे वेगळे असतात?

दोन_लेकींची_आई
थांबू नका ताई. मी थांबली होती म्हणून सांगते.

मोठीच्या दाढेत साडेतीन वर्षांची असताना काळा ठिपका दिसला, आमच्याकडेही हेच, पडणारच आहे. वर्षभराने ऐन मे महिन्यात रात्री दोनला ओरडतच उठली, सकाळी पाहतो तर गाल डोळ्यापर्यंत सुजलेला, वरून ४५ डिग्री ऊन, तिला कडेवर घेऊन फिरलो. ज्या क्लिनिकमध्ये गेलो (नाव नाही घेत) तिथे सूज उतरल्यावर मागची दुधाची दाढ पाच मिनिटांत काढून दिली, झालं, घरी जा. ती दाढ अकरा-बारा वर्षांपर्यंत टिकायची असते, आणि आधी काढली तर तिची जागा धरून ठेवायला स्पेस मेंटेनर नावाची तार बसवतात, हे कोणी बोललंच नाही. मग सहाव्या वर्षी आलेली मोठी दाढ पुढे सरकली. आता पोरगी नऊ वर्षांची आहे, खालून येणाऱ्या दाताला जागाच नाही, तारा लावायच्या गोष्टी चालू आहेत. दुसऱ्या बाजूच्या दाढेचं रूट कॅनल करून वर स्टीलची टोपी बसवली, ती मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला चांदीचा दात म्हणून दाखवत फिरते.

हिंगणा_रोड_७२
आमच्या वेळी निंबाची काडी न् राखुंडी, डेंटिस्ट कोणाले माहीत होता. दात अजून शाबूत आहेत माझे. उगाच खर्च करून राहिले बाप्पा तुम्ही लोकं.

दोन_लेकींची_आई
काका, तुमच्या वेळी दर दोन तासांनी क्रीमचं बिस्कीट पण नव्हतं हो हातात!

दातवाली_डॉक्टर
मी मुलांच्याच दातांची डॉक्टर आहे, क्लिनिकचं नाव टाकत नाही, जाहिरात वाटेल.

आधी मूळ प्रश्न. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, तो आला की सहा महिन्यांच्या आत, म्हणजे पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दाखवायचं असतं. पाच वर्षं किंवा दुखेपर्यंत वाट पाहणं हा हिशेबच चुकीचा आहे, कारण दुधाच्या दाताचं कवच पातळ असतं, कीड भराभर आत जाते आणि दुखायला लागेपर्यंत बहुतेक वेळा दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते. पडणार आहेत हे खरंच, पण समोरचे सहा-आठ वर्षांपर्यंत पडतात, दाढा दहा-बाराव्या वर्षापर्यंत. तोपर्यंत त्याने जेवायचं कशाने?

आता वरचेच दात का, तर बाटली तोंडात ठेवून मूल झोपलं की दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं, झोपेत लाळही कमी सुटते म्हणजे धुऊन निघत नाही. खालच्या दातांवर जीभ असते आणि लाळेच्या ग्रंथी तिथेच उघडतात, म्हणून ते वाचतात. तुम्ही जे पाहिलंत ना ते अगदी नेहमीचं चित्र आहे. पांढरी रेघ म्हणजे कवचातले क्षार निघून गेलेत पण खड्डा पडलेला नाही, तिथे फ्लोराइड वार्निश, म्हणजे दात मजबूत करणाऱ्या फ्लोराइडचा लेप लावून, बाटली बंद करून ती थांबवता येते. तपकिरी जागी पृष्ठभाग फुटलाय का ते हात लावूनच कळेल, फोटो टाकू नका. कधी एक औषध लावतात त्याने कीड थांबते पण तो भाग कायमचा काळा दिसतो, ते आधी विचारून घ्या, नंतर घरी भांडणं होतात.

तोंड उघडेल का याची काळजी नको. एवढ्या लहान मुलाला खुर्चीत बसवतच नाही आम्ही. आई आणि डॉक्टर समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात, मूल आईच्या मांडीवर आईकडे तोंड करून, मग त्याला मागे आडवं करायचं की डोकं आमच्या मांडीत येतं. दोन मिनिटांचं काम. रडला तर उलट बरं, तोंड आपोआप उघडतं. फक्त 'मस्ती केली तर डॉक्टर सुई टोचतील' हे घरी कोणी म्हणू नका, प्लीज!

पेस्ट फ्लोराइडवाली, ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण साधारण १००० पीपीएम लिहिलेली पाहून घ्या, लहान मुलांच्या कित्येक पेस्टमध्ये फ्लोराइडच नसतं. तिसऱ्या वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी. आणि ब्रश तुम्हीच करायचा, सात-आठ वर्षांचा होईपर्यंत, त्याच्या हातात दिला तर तो चावूनच खातो.

मुलांचा वेगळा डॉक्टर जवळ नसेल तर नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे, तिथे मुलांचा स्वतंत्र विभाग आहे. सकाळी लवकर जा, रांग असते.

वरोरा_ते_नागपूर
मध्येच विचारतो, माझ्या भाच्याच्या दातांवर पण पांढरे चट्टे आहेत, तो गावी बोअरचं पाणी प्यायचा. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे म्हणतात. मग वरून अजून फ्लोराइडची पेस्ट कशाला?

दातवाली_डॉक्टर
चांगलं विचारलंत. चंद्रपूर, यवतमाळकडे तो त्रास आहे खरा. पण त्याचे चट्टे बहुतेक पक्क्या दातांवर येतात, डाव्या-उजव्या दातांवर सारखेच, आणि दातभर पसरलेले. किडीची रेघ हिरडीला चिकटून असते, जिथे दूध साचतं तिथे. गावातलं पाणी तपासून घ्या, जास्त निघालं तर प्यायला दुसरं पाणी, आणि पेस्टचं डॉक्टरला विचारून ठरवा. नागपुरातलं नळाचं पाणी पेंच-कन्हानचं, नदीचं, ताईंच्या मुलाला ती भानगड नाही.

मानेवाड्याची_आई
अपडेट देते. काल डेंटल कॉलेजला जाऊन आलो, सासूबाईपण आल्या, मला वाटलं तिथेच वाद घालतील. पोट्ट्याने विभाग डोक्यावर घेतला, डॉक्टरच्या बोटाला चावला पण! पण खरंच दोन मिनिटांत झालं. पांढऱ्या रेघवाल्या दोघांना ते पिवळसर चिकट वार्निश लावलं, रात्री ब्रश करू नका म्हणाले, तपकिरीवाल्या दोघांत थोडा खड्डा आहे, पुढच्या आठवड्यात भरायचे. नसेपर्यंत गेलेलं नाही. डॉक्टरने सासूबाईंना आरशात दाखवलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, 'ह्या, एवढी कीड?' घरी येऊन त्यांनीच साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला.

बाटलीचं मात्र अवघड आहे. काल नुसतं पाणी भरून दिली तर रात्री एकपर्यंत रडून राहिला, शेजारच्या काकू विचारायला आल्या. आज बाटलीच कपाटात लपवून ठेवली आहे.

दातवाली_डॉक्टर
लपवू नका, फेकून द्या. रात्री एक वाजता तुम्हीच काढून द्याल.