मदत हवी आहे: इंजिन बदललेल्या सेसना १७२ वर व्हॉर्टेक्स जनरेटर, दोन एसटीसींचा (विमानातल्या बदलाला मिळणाऱ्या पूरक मंजुऱ्यांचा) मेळ कोण घालणार?

वापरलेलं सेसना १७२एन हे छोटं विमान घेतलं आहे. नोंदणी अमेरिकेची, म्हणजे नियम एफएएचे (तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाचे). आधीच्या मालकाने मूळ १६० अश्वशक्तीचं इंजिन काढून १८० चं बसवलं, तेही रीतसर एसटीसीवर. त्याच मंजुरीत कमाल वजन २३०० वरून २५५० पौंड झालं आणि त्या बदल्यात फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे भाग) ४० ऐवजी ३० अंशांवर अडवले.

आता पंखांवर व्हॉर्टेक्स जनरेटर (कमी वेगातही हवा पंखाला धरून ठेवणाऱ्या छोट्या पट्ट्या) लावायचे आहेत. त्यांचीही एसटीसी आहे, मॉडेलच्या यादीत १७२एन आहे, धारकाचं लेखी परवानगीपत्रही हातात आहे. तरी मेकॅनिक फॉर्म ३३७ (मोठ्या बदलाची एफएएकडची नोंद) भरायला तयार नाही. एसटीसीवर छापलेल्या अटीकडे बोट दाखवतो: आधी झालेल्या बदलांशी हा बदल जुळतो की नाही, हे बसवणाऱ्याने ठरवायचं. दोन्ही बदल सुटे मंजूर असले तरी त्यांची जोडी आपोआप मंजूर होत नाही, हे मलाही पटतं. पण सही त्याची जाणार, त्यामुळे तो घाबरतो (आणि खरं तर बरोबरच करतो).

व्हॉर्टेक्स जनरेटरचे किटवाले म्हणतात, आमच्या चाचण्या मूळ इंजिनावर आणि २३०० पौंडांवर झाल्या, पुढचं तुम्ही बघा. त्यांच्या फ्लाइट मॅन्युअल पुरवणीत ४० अंश फ्लॅपचे स्टॉलवेग (ज्याखाली पंखांची उचल कोसळते ते वेग) दिलेत, माझे फ्लॅप तिथवर जातच नाहीत. इंजिनाची पुरवणी वेगळेच आकडे सांगते. उडताना मानायची कोणती?

अशी जोडी कोणी मंजूर करून घेतली आहे का? डीईआर (एफएएने तपासणीचा अधिकार दिलेला तज्ज्ञ) गाठावा लागतो का? परत चाचणी उड्डाणं करावी लागतात का? आणखी एक अडचण म्हणजे इंजिनाच्या वेळचा ३३७ माझ्या फायलीत नाही, फक्त लॉगबुकात नोंद आहे.

प्रतिसाद

३३७ ची काळजी सोडा. ओक्लाहोमा सिटीच्या एफएए नोंदणी शाखेकडून विमानाची पूर्ण फाइल मागवता येते, दाखल झालेला असेल तर त्यात सापडेल. आधी तेच करा, कारण नेमकी कोणती एसटीसी, कुठल्या प्रोपेलरसह, हे कळल्याशिवाय पुढे कोणीच बोलणार नाही.

मग इंजिनाच्या एसटीसीधारकाला विचारा. किटवाल्यांनाच सगळे विचारतात, पण ही जोडी इंजिनवाल्यांकडे आधी येऊन गेलेली असू शकते. त्यांचं पत्र मिळालं तर मेकॅनिकला आधार मिळेल. नाहीच मिळालं तर उड्डाणगुणांचा डीईआर शोधा. स्ट्रक्चरवाला इथे कामाचा नाही, कारण प्रश्न जास्त ताकदीवरच्या स्टॉलचा आणि वाढलेल्या वजनाचा आहे. थोडी उड्डाणं करावी लागतील असं धरूनच चला.

पुरवण्यांचं म्हणाल तर जास्त कडक मर्यादा पाळा, म्हणजे फ्लॅप ३० च. आणि किटच्या कमी स्टॉलवेगावर विसंबून २५५० पौंडांना अ‍ॅप्रोचचा (धावपट्टीकडे उतरत येतानाचा) वेग कमी करू नका.

धागाकर्ता

आभार. इंजिनवाल्यांना विचारायचं डोक्यातच आलं नव्हतं. फाइल मागवतो, आली की इथेच लिहीन.