मदत हवी आहे : मेळघाटात १४ जण, पण गावाला ताप नको

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आम्ही १४ जण (त्यात ५ पोरं) परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालकडे २ दिवस जाऊ राह्यलो. देशातल्या पहिल्या ९ व्याघ्र प्रकल्पांतलं हे जंगल, पण मागच्या खेपेला रस्त्याकडेला काय दिसलं? एक वानर चिप्सचं पाकीट फाडून आतला मसाला चाटत होतं, अन् गाडीतले लोक हसत फोटो काढत होते. पाकीट आमचं नव्हतं, पण लाज वाटलीच.

यंदा लॉजऐवजी कोरकू आदिवासींच्या गावात, कोणाच्या घरी राहायचा विचार आहे. जेवायला त्यांच्याकडचंच, कुटकीचा (बारीक भरडधान्याचा) भात मिळाला तर सोन्याहून पिवळं. प्रश्न असा, की १४ माणसांचा स्वयंपाक एका घरावर टाकणं बरं का? पैसे किती, अन् कोणाच्या हातात द्यावेत? घासाघीस करायची नाही, हे घरात आधीच बजावलंय. पाण्याचे २ जार अन् कचऱ्याची पोती सोबत नेतोय. सगळा कचरा परत अमरावतीला आणू.

अन् गावातल्या पोरांना चॉकलेट वाटायचं नाही म्हटलं, तर आमची आत्या रुसली! तिला कसं समजवावं, तेही सांगा बाप्पा.